आई कामावर, लेकरू घरी: सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाच्या खाण्याची घडी कशी बसवायची

नागपूरच्या वस्त्यांमध्ये मी अशा घरांत जाते जिथं आई सकाळी बाहेर पडते. कोणी धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करते, कोणी बांधकामावर, कोणी मिरचीची देठं खुडायला. कमाई सुरू झाली की घरात डाळ येते, अंडी येतात. तरीही कितीदा तरी असं दिसतं की आई कामावर जायला लागल्यापासून दोन-तीन महिन्यांत लेकराचं वजन थांबलं. मग शेजारपाजारचे आईलाच बोल लावतात. मला ते पटत नाही. घोळ सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळेत होतो आणि तो दुरुस्त करता येतो.

एक दुपार डोळ्यांपुढून जात नाही. मे महिना, वर टिनाचं छप्पर. सात वर्षांची बहीण दीड वर्षाच्या भावाला गंजातली खिचडी भरवत होती. दर घासाला ती फुंकर मारायची, कारण आई तशीच मारते. खिचडी सकाळी सातची होती, थंडगार. कडेनं पाणी सुटलेलं, वास आंबूस. आईनं पहाटे उठून केली होती, मुलीनं मन लावून भरवली होती, आणि रात्री त्या लेकराला हगवण लागली.

खाली जे टप्पे दिलेत ते याच क्रमानं करा. बहुतेक जणी थेट चौथ्या टप्प्यापासून, म्हणजे "काय करून ठेवू?" इथून सुरुवात करतात आणि म्हणून घडी आठवड्यात मोडते. कामावर जायला निदान दोन आठवडे बाकी असताना सुरुवात करा. आधीच जात असाल तर एखाद्या सुटीच्या दिवशी पहिला टप्पा उरका.

टप्पा १: तासांचा हिशोब मांडा

एक कागद घ्या. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंतचे तास एकाखाली एक लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा. कालच्या दिवशी लेकराच्या तोंडात काय काय गेलं ते प्रत्येक तासापुढं मांडा. चहात बुडवलेलं बिस्कीट, कुरकुऱ्याचं पाकीट, दुकानातला टोस्ट, सगळं लिहा. लाजून काही गाळू नका.

आता कागदाकडं नीट पाहा. चार तासांहून मोठी मोकळी जागा कुठं आहे? आणि बिस्कीट-कुरकुऱ्यांनी भरलेली जागा कुठं आहे? त्या दोन जागा भरायच्या आहेत, बाकीच्या दिवसाला हात लावायची गरज नाही.

किती वेळा खायला हवं, ते असं:

- सहा ते आठ महिने: आईच्या दुधासोबत दिवसातून दोन-तीन वेळा. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, मग वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत.
- नऊ ते अकरा महिने: तीन-चार वेळा, दर वेळी अर्धी वाटी. भूक असेल तर मध्ये एक-दोनदा वरखाणं.
- एक ते दोन वर्षं: तीन-चार वेळा, पाऊण ते पूर्ण वाटी, आणि एक-दोनदा वरखाणं.
- दोन वर्षांपुढं: घरातलं सगळं जेवण, पण आपल्यासारखं दोनदाच वाढून भागत नाही. तीन जेवणं आणि दोन वरखाणी लागतातच.

अंगावरचं दूध सुटलेलं असेल तर दिवसातून एखाद-दोन खाणी जास्त द्यावी लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी यातलं काहीच लागू नाही. त्याला फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको.

सावधान, वाटी कोणती? आरोग्य खात्याच्या तक्त्यातली वाटी २५० मिलीची असते. आपल्या घरातली स्टीलची वाटी बहुधा त्याहून बरीच लहान. "एक वाटी खाल्ली" म्हणणाऱ्या आईच्या लेकरानं खरं तर अर्ध्याहून थोडंच जास्त खाल्लेलं असतं. थंड पेयाची २५० मिलीची रिकामी बाटली पाण्यानं भरा आणि ते पाणी घरातल्या एका वाडग्यात ओता. पाणी जिथवर आलं तिथं बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढा, निम्म्यावर दुसरी. हा वाडगा फक्त बाळाचा. सांभाळणाऱ्याला आता "थोडं भरव" म्हणायचं नाही, "खालच्या रेघेपर्यंत भरव" म्हणायचं.

टप्पा २: एक माणूस ठरवा

"आजी आहे, जाऊबाई आहे, शेजारीण पण बघते" हे उत्तर ऐकलं की मला काळजी वाटते. तिघी बघतात तेव्हा प्रत्येकीला वाटतं दुसरीनं भरवलं असेल. एकीचंच नाव ठरवा आणि तिच्यासमोर बोलून घ्या. ती आजारी पडली तर कोण, हेही त्याच दिवशी ठरवा.

मोठ्या बहिणीवर टाकू नका. तिची शाळा बुडते हे एक. दुसरं असं की सात-आठ वर्षांच्या पोरीला गरम पाणी हाताळता येत नाही, आणि लेकरानं तोंड फिरवलं की ती वाडगा खाली ठेवून खेळायला जाते. तिचंही वय खेळायचंच आहे.

घरात मोठं माणूस नसेल तर मी पाहिलेला सगळ्यात टिकाऊ मार्ग जोडीचा आहे. एकीचं काम सकाळचं, दुसरीचं दुपारनंतरचं. दोघी एकमेकींची लेकरं सांभाळतात, पैसे कोणी कोणाला देत नाही. मात्र दोघींच्या वेळात निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. एकीला उशीर झाला की दुसरीचं काम जातं, आणि मैत्रीही.

पाळणाघराची चौकशी करा. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. आपल्या भागात आहे का ते सेविकेला विचारा. मोठ्या कारखान्यात किंवा कंपनीत कामाला असाल तर लक्षात ठेवा: ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन येता येतं. घरकाम करणाऱ्या बाईला हा कायदा मिळत नाही. तिच्यासाठी सहावा टप्पा आहे.

तपासा: सांभाळणारीला विचारा, "बारा वाजता काय द्यायचं?" तिनं न अडखळता सांगितलं तर पुढं जा.

टप्पा ३: अंगावरचं दूध सोडू नका

काम सुरू झालं की दूध तोडायचं, असं अनेक घरांत आपोआप ठरतं. त्याची गरज नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढंही पाजता येतं. निघताना एकदा, आल्यावर एकदा, संध्याकाळी, रात्री, एवढं पाजलं तरी दूध टिकतं.

उन्हातून आल्यावर दूध "तापलेलं" असतं म्हणून आधी पिळून टाकायची पद्धत आहे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर हमखास. ते दूध फेकू नका, त्यानं बाळाला काही होत नाही. हातपाय धुवा, दोन ग्लास पाणी प्या, घाम पुसा आणि पाजा. तहानेनं जीव व्याकूळ झालेला असतो तो आईचा, म्हणून आधी पाणी.

दूध काढून ठेवायचं असेल तर क्रम असा. साबणानं हात धुवा. उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डबीत हातानंच दूध काढा, दोन्ही बाजूंनी मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सुरुवातीचे दोन-तीन दिवस थोडंच येतं, घाबरू नका. थंडीत सावलीच्या गार जागी ते चार तास राहतं, फ्रिजमध्ये एक दिवस. आपल्या उन्हाळ्यात फ्रिज किंवा बर्फाची पेटी नसेल तर काढून ठेवू नका. देताना डबी कोमट पाण्यात उभी करा, गॅसवर ठेवू नका, आणि वाटी-चमच्यानं पाजा. बाटली नकोच. तिचं बूच आणि निप्पल रोज उकळणं अशा धावपळीत होत नाही, आणि हगवणीची सुरुवात तिथूनच होते.

टप्पा ४: शिजवून ठेवू नका, भाजून ठेवा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. शिजवलेलं अन्न साध्या हवेत दोन तासांच्या वर बाळासाठी ठेवू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाखाली एका तासातच संपवलेलं बरं. सकाळी सातची खिचडी बाराला म्हणजे पाच तास झाले. पुन्हा गरम केली तरी भागत नाही, आत वाढलेल्या काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही.

म्हणून घरात कोरडं पीठ ठेवायचं आणि सांभाळणारीनं ते खायच्या वेळी कालवायचं. कच्चे तांदूळ-डाळ भाजून केलेलं पीठ शिजवावं लागतं, त्याला गॅस लागतो. आजीला गॅस लावायचा नसेल तर मुरमुरे आणि डाळवं (भाजून सोललेली हरभऱ्याची डाळ) यांचं पीठ करा. दोन्ही आधीच भाजून फुललेले असतात, गरम पाण्यात लगेच मिळून येतात.

एका आठवड्याचं साहित्य: बिनमिठाचे मुरमुरे ४०० ग्रॅम आणि डाळवं २०० ग्रॅम. दुकानात वजनानंच घ्या. मुरमुरे हलके असतात, वाटीनं मोजले तर डाळीचं प्रमाण चुकतं.

१. मुरमुरे निवडा, खडे पाहा. कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं हलवा. दोन बोटांत चुरा झाला पाहिजे. पावसाळ्यात ते मऊ पडलेले असतात. ही पायरी गाळली तर मिक्सरमध्ये त्यांचा भुगा होत नाही, लगदा होतो.

२. डाळवं वेगळं भाजा, फक्त गरम होईपर्यंत. करपलं तर कडू लागतं आणि लेकरू दुसऱ्या घासाला थुंकतं.

३. दोन्ही पूर्ण गार होऊ द्या. गरम दळून डब्यात भरलं तर आत वाफ धरते आणि चार दिवसांत कुबट वास येतो.

४. बारीक दळा आणि चाळा. चाळणीवर राहिलेलं पुन्हा दळा. डाळीची कणी घशात अडकते.

५. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डब्यात एक कोरडा चमचा कायमचा ठेवा. ओला चमचा गेला की पीठ गेलं.

फल्लीदाण्याचा (शेंगदाण्याचा) कूट यात मिसळू नका, उन्हाळ्यात खवट होतो. तो वेगळ्या छोट्या डबीत, दोन-तीन दिवसांपुरता, अगदी बारीक केलेला ठेवा.

कालवायचं असं: वाडग्यात चार मोठे चमचे पीठ, एक छोटा चमचा तेल किंवा तूप, अर्धा चमचा फल्लीचा कूट. वरून थर्मासमधलं उकळलेलं पाणी थोडं थोडं घालत ढवळा. दोन मिनिटं झाकून ठेवा. एक वर्षाच्या वर असेल तर चिमूटभर गूळ. त्याआधी गूळ-साखर-मीठ नको, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. लहान बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

सर्वांत मोठी चूक, पातळ करणं. वरणाचं पाणी, भाताची पेज, पातळ सातू. बाळाचं पोट लहान असतं, पाण्यानं भरलं की ते तोंड मिटतं आणि आई समजते पोट भरलं. तपासायची रीत सोपी आहे: चमचा तिरपा करा. खाणं ओघळून पडलं तर पातळ आहे, आणखी एक चमचा पीठ घाला. हळूहळू घसरलं तर बरोबर.

थर्मासबद्दल. स्टीलचा घ्या, आधी एकदा उकळतं पाणी घालून खंगाळून टाका, मग खळखळ उकळलेलं पाणी गच्च भरा. ठेवायचा लेकराच्या हाताला लागणार नाही इतक्या वर. भरवण्याआधी एक थेंब स्वतःच्या मनगटावर.

पिठाशिवाय काय ठेवता येतं? केळ, कारण साल असेपर्यंत ते सुरक्षित आणि चमच्यानं कुस्करता येतं. पपई पिकली असेल तर आयत्या वेळी कापून. अंडं कच्चंच ठेवा, सांभाळणारीनं बाराला पूर्ण कडक उकडून पिवळ्यासकट कुस्करून द्यायचं. अख्खे फुटाणे, अख्खे शेंगदाणे, द्राक्षं तीन वर्षांच्या आत हाती देऊ नका.

भाजी विसरू नका, पण ती आई घरी असतानाच्या जेवणात घाला. मुनग्याची (शेवग्याची) किंवा पालकाची पानं बारीक चिरून ताज्या खिचडीत शिजवायची, वर संत्र्याची फोड पिळायची. आंबट फळानं डाळ-पाल्यातलं लोह अंगी लागतं, आणि आपल्याकडं हिवाळ्यात संत्रं स्वस्त असतं.

टप्पा ५: दिवस लावा

दीड वर्षाच्या लेकराचा, आई आठला निघते आणि अडीचला येते अशा घरातला दिवस:

- सकाळी ६:३० ला अंगावर.
- ७:३० ला ताजं, आईच्या हातचं: वरणात चुरलेली पोळी, वर तूप. हे दिवसाचं मुख्य खाणं समजा. चहा-बिस्किटावर भागवून निघू नका.
- १०:०० ला केळ.
- १२:०० ला कालवलेलं पीठ, सोबत अंडं.
- २:३० ला आई आल्यावर पाणी पिऊन अंगावर.
- ३:१५ ला ताजी मऊ खिचडी, पाला घालून.
- संध्याकाळी ७:३० ला घरचं जेवण, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं. रात्री अंगावर.

आता मोजणी. सांभाळणारीला वाचता येत नसेल तर दोन डब्या ठेवा. एकीत जितकी खाणी तितके चिंचोके. प्रत्येक खाणं झालं की एक चिंचोका दुसऱ्या डबीत. संध्याकाळी आई डबी उघडते आणि न विचारता कळतं. एका आजीनं मला सांगितलं की आधी सून रोज "भरवलं का?" विचारायची तेव्हा उलटतपासणी वाटायची, आता ती स्वतःच डबी पुढं करते. हा चिंचोका रिकाम्या वाडग्याला टाकायचा असतो, भरलेल्या वाडग्याला नाही, एवढं मात्र नीट समजावून द्या. चिंचोके बाळाच्या हातापासून लांब.

सावधान: दुकानासाठी दहा रुपये देऊन जाऊ नका. रडणं थांबवायला आणलेलं कुरकुऱ्यांचं पाकीट अकराला पोटात गेलं की बाराचा वाडगा तसाच राहतो.

तालीम: कामावर जायच्या आधी तीन दिवस हे सगळं आईनं घरात असूनही करायचं नाही. सांभाळणारी भरवेल, आई नजरेआड बसेल. पहिल्या दिवशी लेकरू खात नाही. जबरदस्ती नको, अर्ध्या तासानं पुन्हा. साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत ते त्या हातातून खायला लागतं.

टप्पा ६: मालकिणीशी एकच गोष्ट बोला

पगारवाढ, सुटी, वेळ असं सगळं एकत्र मागितलं की काहीच मिळत नाही. सगळ्यात जवळचं घर निवडा आणि तिथं एवढंच म्हणा: "ताई, बाळ लहान आहे. साडेअकराला अर्धा तास जाऊन येते, काम पूर्ण करूनच निघीन." नाहीतर घरांचा क्रम बदला, लांबचं घर आधी आणि जवळचं शेवटी. नुसत्या या अदलाबदलीनं आई पाऊण तास लवकर पोचलेली मी पाहिली आहे.

टप्पा ७: अंगणवाडीत नाव, आणि पाकीट कोणाच्या हाती

इथं गैरसमज फार. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम शिजवलेलं खाणं मिळतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचं पाकीट मिळतं. दोन वर्षांच्या पोराला अंगणवाडीच्या दारात सोडून "तिथं खातो" असं धरून चालू नका.

या वयात बाळाला अंगणवाडीतून किती आहार मिळावा याचा नियम आहे, अतितीव्र कुपोषित बाळाला त्याहून जास्त. त्या पाकिटाचा शिरा सगळ्या घरानं खाल्ला तर बाळाच्या वाट्याला दोन चमचे येतात. पाकिटावर बाळाचं नाव लिहा.

वाटपाच्या वेळी आई कामावर असते, हीच अडचण. आता पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपवर नोंदवलेल्या माणसाचा चेहरा मोबाईलवर जुळवूनही आहार देतात, त्यामुळं शेजारणीला पाठवून काम होईलच असं नाही. वाटपाची तारीख सेविकेला आधी विचारा, नोंद कोणाच्या नावानं आहे ते पाहा, आणि त्या दिवशी अर्धा तास उशिरा येते असं कामावर सांगून ठेवा. त्याच फेरीत वजन करून घ्या. नऊ महिन्यांपासून दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा डोस आणि आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध याचीही विचारणा करा.

टप्पा ८: घडी बसली का, हे कसं कळेल?

महिन्याला वजन. कार्डावरची रेघ वर जायला हवी. एक महिना थांबली तर टप्पा १ चा कागद पुन्हा काढा. दोन महिने थांबली तर डॉक्टरांना दाखवा.

सेविकेकडं दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत १२.५ सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. ११.५ ते १२.५ च्या मध्ये असेल तर मध्यम कुपोषण, खाणं वाढवा आणि आठवड्यानं पुन्हा मोजा. ११.५ च्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर सूज, म्हणजे अतितीव्र कुपोषण. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं थोडा वेळ दाबा, खड्डा राहिला तर सूज आहे. तेव्हा घरी पीठ कालवत बसू नका, त्याच दिवशी नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी दवाखान्यात न्या आणि पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल विचारा. तिथं आईला बाळासोबत राहावं लागतं. बुडीत मजुरी मिळते का, तेही भरती होतानाच विचारा. मजुरी बुडेल या भीतीनं आया अर्ध्यावर बाळाला घरी आणतात.

हगवण लागली तर खाणं बंद करायचं नाही. ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात एकदाच कालवा, अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असा अंदाज करू नका, आणि २४ तासांनी उरलेलं फेका. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस, हगवण थांबली तरी. डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं तर कामाला दांडी मारा आणि दवाखाना गाठा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक खाणं जास्त, म्हणजे डबीत एक चिंचोका जास्त.

पहिल्या आठवड्यात चिंचोके रोज मोजा. ज्या दिवशी दोन कमी निघतील त्या संध्याकाळी सांभाळणारीशी शांतपणे बोला, कोणत्या वेळी अडलं ते विचारा. बहुतेकदा बाराचंच असतं: पाणी थंड झालं होतं, किंवा बाळ झोपलं होतं. पाणी थंड होत असेल तर थर्मास बदला. झोपत असेल तर बाराचं खाणं साडेअकराला घ्या.